क्षेपणास्त्र सगळ्यांना दिसतं, मुख्यालय कुणाला दिसत नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या रात्री पंतप्रधान शाहबाज शरीफ यांनी 'आर्मी रॉकेट फोर्स कमांड' उभारत असल्याचं जाहीर केलं. मे महिन्यातला संघर्ष ताजा होता, त्यामुळे आपल्याकडे लगेच चर्चा सुरू झाली. किती क्षेपणास्त्रं आहेत, पल्ला किती, दिल्ली-मुंबई टप्प्यात येते का? टीव्हीवर दिवसभर तीच क्षेपणास्त्रं तिरकी उभी राहून उडत होती. पण बातमीत नवीन काय होतं? नवीन क्षेपणास्त्र नव्हतंच. नवीन होता तो 'कमांड' हा शब्द, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

क्षेपणास्त्रांची कमांड म्हणजे नक्की काय, तिच्या मुख्यालयात बसून माणसं करतात काय आणि त्यात धोका कुठे असतो, हे समजून घ्यायला एक जुनं, चांगलं नोंदलेलं उदाहरण आहे. अमेरिकी लष्कराची जर्मनीतली '५६वी फील्ड आर्टिलरी कमांड'. तोफखान्याची ही तुकडी एकेकाळी जगातल्या सगळ्यात धास्तीच्या क्षेपणास्त्रांपैकी १०८ सांभाळत होती.

मुख्यालय म्हणजे इमारत नव्हे

लष्करी कागदपत्रांत या तुकडीच्या नावाआधी 'हेडक्वार्टर्स अँड हेडक्वार्टर्स बॅटरी' असं लिहिलेलं असतं. हे बॅटरी प्रकरण आधी सोडवू. नाशिकजवळच्या देवळालीत ज्यांच्या घरातलं कुणी तोफखान्यात होतं, त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की तोफखान्यात बॅटरी म्हणजे ठरावीक तोफांची आणि त्या चालवणाऱ्या माणसांची तुकडी. टॉर्चशी तिचा संबंध नाही.

'हेडक्वार्टर्स' म्हणजे सेनापती आणि त्याचे अधिकारी: हुकूम घेणारे, तपासणारे, पुढे देणारे. 'हेडक्वार्टर्स बॅटरी' म्हणजे या मंडळींना चालतं ठेवणारी माणसं: वायरलेसवाले, ड्रायव्हर, स्वयंपाकी, पहारेकरी, कारकून. या बॅटरीकडे उडवायला काहीही नसतं. क्षेपणास्त्रं असतात ती हाताखालच्या बटालियनकडे.

एसटीच्या आगाराचं पाहा. गाडी चालवतो ड्रायव्हर, तिकीट फाडतो कंडक्टर. पण कुठली गाडी किती वाजता कुठल्या मार्गाला लागणार, हे आगारातल्या खोलीत ठरतं. ती खोली बंद पडली, तर शंभर चांगल्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. आणि त्या खोलीत घोटाळा झाला, तर चांगली गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. अण्वस्त्रांच्या बाबतीत यातली दुसरी शक्यता जास्त भयंकर. म्हणून अशा मुख्यालयाचं मोठं काम क्षेपणास्त्र उडवणं हे नसतंच. हुकूम खरा असल्याची खात्री पटेपर्यंत ते उडू न देणं, हे ते काम.

तुकडी मरत नाही, झोपते

५६ हा आकडा १९४२ सालचा. दुसऱ्या महायुद्धात तुकडी उभी राहिली तेव्हा नाव होतं कोस्ट आर्टिलरी ब्रिगेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या तोफांची परंपरा. लवकरच ती विमानविरोधी तोफखान्याची ब्रिगेड झाली. युद्धानंतर बंद झाली, १९५० च्या दशकात अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी पुन्हा जागी झाली, पुन्हा झोपली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तोच आकडा पश्चिम जर्मनीत '५६वा आर्टिलरी ग्रुप' म्हणून उभा राहिला. १९७० मध्ये आर्टिलरी ब्रिगेड, १९७२ मध्ये फील्ड आर्टिलरी ब्रिगेड, १९८६ मध्ये फील्ड आर्टिलरी कमांड, १९९१ मध्ये बंद. आणि ८ नोव्हेंबर २०२१ ला पुन्हा जिवंत.

शंभर वर्षांच्या गणपती मंडळात पहिल्या वर्षीचं कुणीही उरलेलं नसतं, तरी मंडळ तेच असतं. लष्कराचंही तसंच आहे. तुकडी बंद होते तेव्हा तिचा ध्वज समारंभपूर्वक गुंडाळून आवरणात घालतात. पुन्हा उभी राहते तेव्हा तोच सोडतात. मधली तीस वर्षं ती तुकडी म्हणजे गुंडाळलेला ध्वज आणि कागदावरची वंशावळ, बाकी काही नाही. म्हणूनच कुठला ध्वज पुन्हा सोडला, हे पाहण्यासारखं असतं. तो आकडा कुणीतरी निवडलेला असतो.

श्वेबिश ग्म्युंड आणि दोन किल्ल्यांचं कुलूप

दक्षिण जर्मनीत, श्टुटगार्टच्या पूर्वेला श्वेबिश ग्म्युंड नावाचं जुनं गाव आहे, सोन्याचांदीच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध. ५६व्याचं मुख्यालय तिथे होतं. हाताखाली तीन बटालियन. त्यांची क्षेपणास्त्रं तीन ठिकाणी विभागलेली: ग्म्युंडला लागून असलेलं मुटलांगेन, हाइलब्रॉनजवळची वाल्डहाइड आणि नॉय-उल्मच्या बाजूचा तळ.

क्षेपणास्त्राचं नाव पर्शिंग. पहिलं पर्शिंग १९६४ मध्ये जर्मनीत आलं, पल्ला सुमारे ७४० किलोमीटर. १९६९ पासून त्याची सुधारलेली आवृत्ती, पर्शिंग १ए. १९८३ च्या अखेरीपासून पर्शिंग २, पल्ला सुमारे १,८०० किलोमीटर. जुन्या पर्शिंगचं वॉरहेड (क्षेपणास्त्राच्या टोकाला बसवलेला बाँब) ४०० किलोटनपर्यंतचं होतं. हिरोशिमावरचा बाँब साधारण १५ किलोटनचा होता, यावरून अंदाज यावा. पर्शिंग २ चं वॉरहेड त्यामानाने लहान, जास्तीत जास्त ८० किलोटन. कारण त्याचा नेम फार अचूक होता. खाली येताना ते रडारने जमिनीचा नकाशा पाहायचं, पोटातल्या चित्राशी ताडायचं आणि लक्ष्यापासून साधारण ३० मीटरच्या आत पडायचं.

हे सगळं चाकांवर होतं. ट्रक, ट्रेलर, त्यावर आडवं झोपवलेलं साडेदहा मीटरचं क्षेपणास्त्र. शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून बॅटऱ्या जंगलात, शेतांच्या कडेला जाऊन सराव करायच्या. गावातल्या अरुंद रस्त्यावरून असा ताफा जायचा, तेव्हा लोक खिडकीतून हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर तो पाहायचे. त्याच वेळी काही बॅटऱ्या चोवीस तास तयारीत असायच्या, हुकूम आला तर मिनिटांत उडवता येईल अशा.

मग कुणी माथेफिरू अधिकारी स्वतःच्या डोक्याने बटण दाबेल की काय, ही शंका कुणालाही येईल. त्यावरचा उपाय आपल्याला बँकेत रोज दिसतो. लॉकर उघडायला आपली किल्ली लागते आणि बँकेचीही. एकट्याने कुणालाच उघडता येत नाही. इथे नियम होता, की अण्वस्त्राजवळ एकटा माणूस कधीही असता कामा नये, दोघे हवेत, दोघांनाही काम येत हवं. एक चुकीचं काही करू लागला तर दुसऱ्याला ते लगेच कळलं पाहिजे. वरून आलेला संदेश खरा की खोटा, हेही दोघांनी पडताळायचं. शिवाय वॉरहेडवर सांकेतिक आकड्यांचं कुलूप. ते आकडे बॅटरीकडे नसायचे, हुकुमासोबत वरून यायचे, आणि तो हुकूम देण्याचा अधिकार अमेरिकेच्या अध्यक्षांचा.

या कुलपाची एक गंमत नव्हे, गाठच म्हणायला हवी. पश्चिम जर्मनीच्या हवाई दलाकडेही ७२ पर्शिंग १ए होती. क्षेपणास्त्र जर्मनांचं, सैनिक जर्मन, पण वॉरहेड अमेरिकनांच्या ताब्यात. लॉकर एकाचा, दुसरी किल्ली कायमची दुसऱ्याकडे.

साध्या ब्रिगेडचा प्रमुख कर्नल असतो. या ब्रिगेडला ब्रिगेडियर जनरल दिलेला होता. माणसांच्या संख्येसाठी नव्हे, जबाबदारीच्या वजनासाठी.

पण एवढं सगळं जर्मनीतच कशाला?

सत्तरच्या दशकात सोव्हिएत संघाने एसएस-२० नावाचं क्षेपणास्त्र आणलं. तेही ट्रकवरचं, तीन वॉरहेडचं, पल्ला सुमारे ५,००० किलोमीटर. म्हणजे सोव्हिएत हद्दीत खोल आत उभं राहून सगळा पश्चिम युरोप टप्प्यात. १२ डिसेंबर १९७९ ला नाटोने दुहेरी निर्णय घेतला: एकीकडे वाटाघाटी करायच्या, आणि त्या फसल्या तर १०८ पर्शिंग २ आणि ४६४ क्रूझ क्षेपणास्त्रं युरोपात ठेवायची. वाटाघाटी फसल्या. २२ नोव्हेंबर १९८३ ला पश्चिम जर्मनीच्या संसदेने मंजुरी दिली, दुसऱ्या दिवशी सोव्हिएत प्रतिनिधी जिनिव्हाच्या टेबलावरून उठून गेले.

मॉस्कोची खरी भीती वेळेची होती. अमेरिकेतून येणारं क्षेपणास्त्र अर्ध्या तासाने पोचतं. पर्शिंग २ साठी हिशेब होता दहा मिनिटांच्या आसपासचा. अमेरिकेचं म्हणणं, दक्षिण जर्मनीतून मॉस्को पल्ल्याबाहेर आहे. नकाशावर मोजलं तर अंतर २,००० किलोमीटरच्या वर भरतंही. सोव्हिएत अधिकाऱ्यांचा त्यावर विश्वास नव्हता. इथे कुणाचं गणित बरोबर, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. दहा मिनिटांत माणूस धड चौकशीही करू शकत नाही. रडारवर ठिपका दिसला, तो खरा की बिघाड, हे कुणाला विचारायचं, त्याने कुणाला विचारायचं, एवढ्यात वेळ संपते. अशा वेळी प्रत्येक बाजू आपलं कुलूप थोडं सैल करून ठेवण्याच्या मोहात पडते.

११ जानेवारी १९८५

कुलपं सगळी नीट होती. तरीही माणसं मेली, आणि कारण होतं थंडी.

हिवाळ्यात अंधारात नायलॉनचा स्वेटर डोक्यातून काढताना चटचट आवाज येतो, बारीक ठिणग्या दिसतात. दोन वस्तू घासल्या की वीज साठते आणि वाट मिळाली की उडी मारते. हवा कोरडी असेल तितकी जास्त. वाल्डहाइडच्या तळावर त्या दिवशी हवा थंड आणि कोरडी होती. सैनिक सरावासाठी पर्शिंग २ ची एक मोटर, म्हणजे घन इंधनाने भरलेली भलीमोठी नळी, तिच्या खोक्यातून उचलून बाहेर काढत होते. जुन्या पर्शिंगचं कवच पोलादाचं होतं. पोलादातून वीज वाहून जाते. नव्याचं कवच वजन वाचवण्यासाठी केव्हलार धाग्याचं केलेलं, आणि केव्हलारमधून वीज वाहत नाही. खोक्यातल्या अस्तरावर घासून कवचावर वीज साठली, आतल्या इंधनापर्यंत पोचली आणि मोटर पेटली. तीन अमेरिकन सैनिक गेले, सोळा जखमी झाले.

त्या क्षेपणास्त्रावर वॉरहेड बसवलेलं नव्हतं, त्यामुळे अणुस्फोटाचा प्रश्न आला नाही. पण हाइलब्रॉनच्या लोकांसाठी हे कसलं समाधान? शहराला लागून असलेल्या टेकडीवर काय ठेवलंय, हे त्यांना त्या धुराने सांगितलं. कुणीही अधिकृतपणे सांगितलं नव्हतं. पुढे शहराने स्वतःहून हे तळ हलवण्याची मागणी केली.

मला या घटनेत सगळ्यात बोलकं वाटतं ते हे, की चूक कुणाचीच नव्हती. हुकूम बरोबर, कृती पुस्तकातल्याप्रमाणे. पुस्तकच जुन्या पोलादी क्षेपणास्त्राच्या अनुभवावर लिहिलेलं होतं. अपघातानंतर वीज जमिनीत सोडण्याच्या आणि हाताळणीच्या पद्धती बदलल्या.

कुंपणाबाहेरची माणसं

मुटलांगेनच्या फाटकासमोर १ सप्टेंबर १९८३ पासून लोक बसायला लागले. बसण्याची पद्धत आपल्या ओळखीची आहे: रस्त्यावर मांडी घालायची, पोलिसांनी उचललं तर उचलू द्यायचं, हात उगारायचा नाही. जर्मन शांतता चळवळीत गांधीजींचं नाव उघडपणे घेतलं जायचं. सुरुवातीच्या धरण्यात नोबेल मिळालेले लेखक हाइनरिश ब्योल बसले होते. २२ ऑक्टोबरला श्टुटगार्टपासून नॉय-उल्मपर्यंत, शंभरावर किलोमीटर, लाखो लोकांनी हातात हात धरून साखळी केली. पुढे म्हाताऱ्यांनी वेगळं धरणं धरलं. १२ जानेवारी १९८७ ला तर वीस न्यायाधीश येऊन बसले, आणि त्यांनाही उचलून नेलं.

खटले शेकड्यांनी झाले. आरोप 'बळजबरी'चा. नुसतं बसणं ही हिंसा होते का, यावर जर्मनीच्या घटना न्यायालयाने १० जानेवारी १९९५ ला निकाल दिला, की असा अर्थ काढणं घटनेला धरून नाही. तोवर क्षेपणास्त्रं जाऊन चार वर्षं झाली होती.

मग ती गेली कशी? आंदोलनामुळे?

८ डिसेंबर १९८७ ला रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी वॉशिंग्टनमध्ये आयएनएफ करारावर सह्या केल्या. ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची, जमिनीवरून सोडायची दोन्ही देशांची सगळी क्षेपणास्त्रं नष्ट करायची. जर्मनांच्या ७२ पर्शिंगचा तिढा उरला होता, तो चॅन्सलर कोल यांनी त्याआधीच ऑगस्टमध्ये सोडवला होता: करार झाला तर आम्हीही आमची काढून टाकू.

श्रेय कुणाचं, यावर आजही दोन तट आहेत. एक म्हणतो, पर्शिंग आणली म्हणून सोव्हिएत झुकले. दुसरा म्हणतो, लोक रस्त्यावर आले म्हणून सरकारं हलली. मला दोन्हींत अर्धं-अर्धं खरं दिसतं आणि गोर्बाचेव्हचं नाव दोन्ही तट कमी घेतात असं वाटतं.

१ जून १९९१ पर्यंत एकूण २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली: अमेरिकेची ८४६, सोव्हिएत संघाची १,८४६. पर्शिंगच्या मोटरी टेक्सासमध्ये चौकटीला जखडून पेटवून द्यायचे, इंधन जळून गेलं की रिकामी नळी यंत्राखाली चिरडायचे, आणि शेजारी सोव्हिएत निरीक्षक उभे राहून मोजायचे. ज्या तळांची छायाचित्रं चोरून घ्यावी लागायची, तिथे आता तेच रशियन अधिकारी यादी घेऊन फिरत होते. ३० जून १९९१ ला ५६व्या कमांडचा ध्वज गुंडाळला गेला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. करारात नष्ट झालं ते वाहन, बाँब नव्हे. पर्शिंग २ ची वॉरहेड अमेरिकेने काढून परत नेली आणि पुढे ती विमानातून टाकायच्या बाँबमध्ये बदलली.

२०२१ मध्ये परत कशाला?

आयएनएफ करार २ ऑगस्ट २०१९ ला संपला. रशिया बंदी घातलेलं क्रूझ क्षेपणास्त्र बाळगतोय असं म्हणत अमेरिका बाहेर पडली. रशियाने आरोप नाकारला. दोन वर्षांनी वीसबाडेनजवळच्या माइन्झ-कास्टेलमध्ये '५६वी आर्टिलरी कमांड' पुन्हा उभी राहिली. पर्शिंग परत आलं, अशी बोंब काही ठिकाणी उठली. तसं झालेलं नाही. या मुख्यालयाकडे अण्वस्त्रं नाहीत. युरोपातल्या लांब पल्ल्याच्या साध्या तोफा-रॉकेटांचा मारा एकत्र जुळवणं, कुणी कशावर मारा करायचा ते ठरवणं हे त्याचं काम. म्हणजे पुन्हा तीच आगारातली खोली.

तरीही जर्मन माणसाला तो आकडा नुसता आकडा वाटत नाही, आणि ते मला पूर्ण समजू शकतं.

आपल्या अंगणात

आता सुरुवातीच्या बातमीकडे. पाकिस्तानची अण्वस्त्रं वेगळ्या व्यवस्थेखाली आहेत. रॉकेट फोर्स साध्या स्फोटकांच्या क्षेपणास्त्रांसाठी असल्याचं सांगितलं गेलंय. भारताची अण्वस्त्रं ४ जानेवारी २००३ पासून स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांडकडे आहेत, आणि वापराचा अधिकार पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेकडे. दोन वेगळ्या खोल्या असणं चांगलंच. पण उडणाऱ्या क्षेपणास्त्रावर कुठल्या खोलीचा शिक्का आहे, हे समोरच्याला रडारवर दिसत नाही. जर्मनीत दहा मिनिटांचा हिशेब होता. आपली सीमा तर एकमेकांना लागून आहे.

हा नुसता कल्पनेचा खेळ नाही. ९ मार्च २०२२ ला भारताचं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानच्या पंजाबात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यावर स्फोटक नव्हतं, कुणी दगावलं नाही. भारताने खेद व्यक्त केला, चौकशी झाली. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नव्हती असं निष्पन्न झालं आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढण्यात आलं. ते क्षेपणास्त्र होतं ब्राह्मोस.

भारत आणि पाकिस्तान यांच्यात २००५ पासून एक करार आहे: क्षेपणास्त्राची चाचणी घ्यायची असेल तर आधी कळवायचं. तो फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांना लागू होतो, म्हणजे फेकलेल्या दगडासारखी उंच जाऊन खाली येणारी. ब्राह्मोस क्रूझ प्रकारातलं, विमानासारखं जमिनीलगत उडणारं. क्रूझ क्षेपणास्त्रं त्या करारात आजही नाहीत.